कणीत उतरलेला कणा

गोंदियातल्या निम्म्या माणसांचे चेहरे भिवाजी मिस्त्रींना ठाऊक नाहीत. पाठी मात्र सगळ्यांच्या पाठ आहेत. तुम्ही समोरून नमस्कार केलात तर ते ओळख नसल्यासारखे तुमच्या कानाच्या बाजूने पलीकडे बघतात. तुम्ही वैतागून चार पावलं पुढे गेलात की मागून हाक येते, "अरे, गनपतराव होय! कवा आले गा?" एकदा स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात एक गृहस्थ अर्धा तास त्यांच्यासमोर बसून बोलत होते. मिस्त्री नुसतं "हो, हो" करत होते. गृहस्थ उठून रस्त्याला लागले तेव्हा मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अबे, हा तं जयराम! वीस वर्षं एका शेडात काम केलं आमी!"

मी तांदळाचा आणि बिडीला लागणाऱ्या तेंदूच्या पानांचा व्यापारी. माणूस समोरून बघायचा ही आमची रीत. भाव सांगितल्यावर समोरच्याची भुवई कुठवर चढते यावर आमची रोजी चालते. मी हे मिस्त्रींना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "तोंड खोटं बोलते शेठ. पाठीले खोटं येत नाही."

मिस्त्री मूळचे रेल्वेच्या इंजिन शेडमधले फिटर. शेडमधल्या एका खलाशाची, म्हणजे फिटरच्या हाताखालच्या गड्याची, पाठ कामावर मोडली, आणि त्याच्यासाठी कलकत्त्याहून चामड्याचा आणि पोलादी पट्ट्यांचा एक साज आला. तो घातला की खलाशी रडायचा, काढला की पडायचा. मिस्त्रींनी तो घरी नेला, उसवला, पोलाद तापवून वाकवलं आणि परत शिवला. खलाशी उभा राहिला. त्या दिवसापासून मिस्त्रींना इंजिनात रस उरला नाही. नोकरी संपल्यावर स्टेशनामागच्या एका खोलीत त्यांनी पाठीचे पट्टे बनवायला सुरुवात केली. कण्याच्या दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, खाली कमरेचा पट्टा, वर खांद्यांचे बंद. मोडलेल्याला, पोक आलेल्याला, मणके किडलेल्याला तो बांधायचा. नागपूरपासून रायपूरपर्यंत लोक त्याला 'मिस्त्रीचा पट्टा' म्हणू लागले.

आता माझी तक्रार सांगतो, कारण ती न सांगता मिस्त्रींचं वर्णन केलं तर ते खोटं होईल. भर बाजाराच्या दिवशी, माझ्या आडतीवर वीसेक माणसं असताना, मिस्त्री माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "शेठ, तुमचा डावा खांदा दोन बोटं खाली हाय. लहानपनी पोते वाहात होते का गा?"

मी स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती वाहून वर आलो. पण हे मी बायकोलासुद्धा लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं होतं. माझी आडत, माझा काटा, माझी गादी, आणि हा फिटर सगळ्यांसमोर माझी पाठ वाचतो! मी असा भडकलो की हातातला तांदळाचा नमुना त्यांच्या अंगावर फेकला. मिस्त्रींनी सदऱ्यावरचे दाणे वेचून परत माझ्या ताटलीत टाकले आणि म्हणाले, "पट्टा नाही लागत तुमाले. थोडे उजवीकडून निजत जा."

दुसरी तक्रार याहून मोठी. मी त्यांना धंदा सुचवला होता. लहान, मध्यम, मोठा, अशा तीन मापांचे डझन डझन पट्टे बनवा, मी कलकत्त्यापर्यंत विकून देतो. व्यापाऱ्याने फिटरला हात जोडून सांगावं असा तो बेत होता. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, एक पट्टा, एक पाठ. डझन पाठी तुमी आना, डझन पट्टे मी देतो." मी दोन तास घासाघीस केली. त्यांनी एकदाही केली नाही. पुन्हा पुन्हा तेच वाक्य. भाव वर नाही, खाली नाही, भावच नाही! ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याकडून हरणं म्हणजे काय, हे ज्याने बाजारात जन्म काढला त्यालाच कळेल.

मला हरवणारं दुसरं माणूस म्हणजे चिचगडची सुकवारो. देवरीच्या पलीकडच्या जंगलातली ती गोंडीण. चाळीस बायांची पानं तोडणारी टोळी तिच्या शब्दावर चालायची. दर उन्हाळ्यात माझा आणि तिचा सौदा व्हायचा, म्हणजे मी ओरडायचो आणि ती ऐकायची. मग ती म्हणायची, "झालं का गा शेठ ओरडून? आता खरा भाव सांग." एकदा पानांच्या हिशेबासाठी ती गोंदियाला आली होती, तेव्हा मिस्त्री तिच्या मागून चालत आडतीपर्यंत आले. डोक्यावर गाठोडं घेऊन ती ताठ उभी होती.

"शेठ, हा कना पाय!" मिस्त्री देवळात आल्यासारखे बोलले. "शंभरात एक."

सुकवारो गर्रकन वळली. "का रे बुढ्या, बायांच्या पाठी पायतेस? लाज नाही?"

"लाज हाय वो बाई. पन असा कना नाही पायला."

"घरी तुह्या कोनी नाही का पाठ दाखवाले?"

मिस्त्री नुसतं हसले. ती मात्र जाताना मला विचारून गेली, "हा बुढा कोन? पागल हाय का?" मी तिला सगळं सांगितलं, पागल हा शब्द न बदलता.

पुढच्या उन्हाळ्यात, पानांचा हंगाम संपत आला असताना, एका लाकडाच्या ट्रकवाल्याने माझ्या आडतीवर एक चिठ्ठी टाकली आणि तो थांबलाही नाही. चिठ्ठी मोडीत होती, चिचगडकडच्या कुण्या मुनशीच्या हातची. दीड ओळ. 'कनी मोडून हाय. गाडी अन् मिस्त्री घेऊन तातडीनं या.'

तांदूळ कांडताना जो तुटतो ती कणी. इकडच्या तोंडात ण बसत नाही, म्हणून कनी. चिचगडकडे कुणी तांदळाची नवी गिरणी बसवल्याचं मी बाजारात ऐकलं होतं. सगळं एका क्षणात जुळलं. गिरणी बिघडली, तांदळाची कणी होऊन पडली, मालक घाबरला, दुरुस्तीला मिस्त्री मागतोय, आणि माल उचलायला गाडी. घाबरलेल्या माणसाचा माल! मी दोन गाड्या जुंपायला सांगितल्या, साठ रिकामी पोती टाकली, आणि मिस्त्रींना बोलवायला स्वतः गेलो.

"मी गिरनी नाही दुरुस्त करत," मिस्त्री म्हणाले.

"फिटर ना तुम्ही?"

"होतो."

"मिस्त्री, चिठ्ठीत तुमचं नाव आहे. जंगलातले लोक बोलावतात, नाही म्हणता?"

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी केली. त्यांना मोडी येत नव्हती. पण तातडीनं हा शब्द मी दोनदा वाचून दाखवला तेव्हा ते पिशवी घेऊन निघाले. सवयीने पिशवीत चामड्याचे बंद आणि सुतळी होतीच.

चिचगडला पोचलो तर गिरणी नाही, कणी नाही. सुकवारोच्या घरासमोर माणसं उकिडवी बसलेली. तिचा भाऊ बुधराम पुढे आला, मला ओलांडून गेला आणि मिस्त्रींचे पाय धरले.

पाच दिवसांपूर्वी पानांच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीचं चाक निखळलं होतं. सुकवारो थरावर बसली होती. वरून खाली पाठीवर पडली. पायाची बोटं हलत होती, पण उठून बसता येत नव्हतं. बसवायला गेलं की किंचाळायची आणि पायात मुंग्या यायच्या.

मी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. मुनशीने लिहिलं होतं कना. कान्याची उभी रेघ ओढताना घाईत त्याचं टोक वर वळलं, आणि माझ्या डोळ्यांनी त्या टोकाची वेलांटी केली. कण्याची कणी झाली. तांदळाच्या व्यापाऱ्याला दुसरं काय दिसणार?

मिस्त्री घरात गेले. सुकवारो जमिनीवर उताणी होती. मला दारात बघून ती म्हणाली, "शेठ, तू कायले आला? गाड्या कायले आनल्या एवढ्या?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "तुला न्यायला," मी म्हणालो. आयुष्यात इतकं फुकटचं पुण्य मला कधी मिळालं नव्हतं.

ती मिस्त्रींना म्हणाली, "बुढ्या, मले बसवून ठेवाचं असंल तं हात नको लावू. उभी होत असंन तं सांग. नाही तं जंगलात नेऊन टाका. चाळीस बाया मह्या मागं चालतात. बसलेलीच्या मागं कोनी चालत नाही."

मिस्त्री तिच्या पायांशी बसले. तिचे तळवे दाबून पाहिले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "नागपूरले न्या लागंल. हाडाचा डाक्टर पाहिजे. पन गाडीचा हादरा नाही बसला पाहिजे. शेठ, कनी पाहिजे."

"कनी?"

"बारीक. पोत्यात भरून तिच्या दोन्ही बाजूनं, पाठीखाली, मानेखाली. वाळूनं अंग सोलते. कनी अंगाले धरते."

मग मी ज्या कामासाठी आलो होतो तेच केलं. दारोदार फिरून कणी मागितली. ढेकीच्या मुसळाखाली कांडलेल्या तांदळाची कणी प्रत्येक घरात मडक्यात ठेवलेली असते. कुणी सूपभर दिली, कुणी ओंजळभर. एका म्हातारीने मडकं उलटं करून दाखवलं की सगळी दिली. भाव विचारायला माझी जीभ नेहमीप्रमाणे वळवळली, पण बुधराम सोबत होता. अकरा पोती भरली. त्या पोत्यांच्या साच्यात सुकवारोला आम्ही गाडीत असं बसवलं, म्हणजे निजवलं, की अख्ख्या वाटेत ती एकदाच ओरडली. तीही माझ्यावर, मी गाडीवानाला शिव्या देत होतो म्हणून.

आमगाव स्टेशनावर मिस्त्रींनी गार्डाला पाठमोरा बघून ओळखलं, आणि सुकवारो गार्डाच्या डब्यातून कणीच्या पोत्यांसकट नागपूरला गेली.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते, कडक होते. आठवड्याने त्यांनी ऑपरेशन केलं. मग आम्हाला बोलावून सांगितलं, "मोडलेल्या जागी मणके आत तारेने बांधलेत. त्यावर तिच्याच नडगीच्या हाडाची पट्टी बसवली आहे. पण तार हाडाला धरील, बाईला धरणार नाही. हाड जुळायला सहा महिने लागतील. तोवर बाहेरून धरणारं काहीतरी हवं. विलायतेहून पट्टा मागवला असता, पण महायुद्ध चालू आहे तोवर बोटीने काही येत नाही."

मी मिस्त्रींकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना पायांपासून टोपीपर्यंत पाहिलं, आणि एका जाड पुस्तकातलं चित्र त्यांच्यासमोर उघडलं. "असा हवा. मापं खाली दिली आहेत."

मिस्त्रींनी चित्र बराच वेळ पाहिलं. "हे पाठ कोनाची हाय साहेब?"

"कुणाची नाही. नमुना आहे."

"मंग जी कोनाची नाही तिलेच घाला."

डॉक्टर लाल झाले. मला आतून गुदगुल्या झाल्या. दुसरा कुणी या माणसाकडून हरताना मी प्रथमच पाहत होतो.

टाके निघाल्यावर मिस्त्रींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडाची एक लांब परात आणवली. तिच्यात आमची चिचगडची कणी ओतली, पाण्याचा हबका मारून ती ओलसर केली, वरून हाताने सपाट केली, आणि तिच्यावर मऊ कापड अंथरलं. चार नर्सनी सुकवारोला एका ओंडक्यासारखं, न वळवता उचलून त्यावर ठेवलं आणि तसंच उचलून परत नेलं. कापड काढलं. कणीत तिची अख्खी पाठ उतरली होती. खांद्यांची पाती, कमरेच्या खोलगट भागाचा उंचवटा, मणक्यांच्या जागी एक सरळ चर, आणि मधे ऑपरेशनच्या जागी एक खळगा.

डॉक्टर परातीजवळ वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

"इंजिनाचे भाग वाळूत ओततात साहेब. पन वाळू मानसाले बोचते."

प्रश्न उरला पोलादाचा. सुकवारो ऑपरेशननंतर वाळून काटकी झाली होती. मिस्त्री म्हणाले, "पोलाद तिले बसवंल, उभी नाही करनार. हलकं पाहिजे." आणि ते सरळ गोंदियाला माझ्या गोदामात आले.

त्या सुमारास गोंदियाजवळ बिरसीला विमानांची धावपट्टी झाली होती, आणि तिकडच्या लष्करी भंगाराच्या लिलावात मी मोडक्या विमानाचा सांगाडा घेतला होता. ते ॲल्युमिनियम भांडीवाल्यांना विकायचा माझा बेत पक्का होता. मिस्त्री सांगाड्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून शेपटीकडे उभे राहिले. "हा याचा कना. हा मले पाहिजे."

"भाव?"

"तुमी बोला तो."

मी असा आकडा सांगितला की माझ्या बापाला सांगायची लाज वाटली असती. मिस्त्री म्हणाले, "बरं."

"बरं काय? कमी करा म्हणा!"

"तुमी बोलले ना."

"माणसाने एकदा तरी जास्त होतात म्हणावं! हा सौदा आहे की श्राद्ध? माझ्या गोदामात येऊन माझा अपमान? न्या! फुकट न्या आणि चालते व्हा!"

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि करवत काढली.

रस्त्यावर उभं राहून मी अर्धा तास ओरडत होतो. गोदामातले हमाल हिंदीत एकमेकांना म्हणत होते, "सेठ आज हार गया." तेही मी ऐकलं.

पट्टा तयार झाला तेव्हा हातावर ठेवला तरी वजन कळत नव्हतं. विमानाच्या हाडांच्या दोन चमकत्या पट्ट्या, कणीतल्या पाठीवर ठेवून ठेवून वाकवलेल्या, त्यावर मऊ चामडं. नर्सनी सुकवारोला तो बांधला. डॉक्टर, बुधराम, मी, व्हरांड्यातले इतर रोगी, सगळे जमले. मिस्त्री सुतळी बोटाला गुंडाळत भिंतीला टेकून उभे होते.

सुकवारो उठली. पाय जमिनीला लागले. उभी राहिली, आणि लगेच पुढे झुकली. नर्सनी धरलं. पुन्हा उभी केली. पुन्हा झुकली, या वेळी उजवीकडे. "मले नाही जमत! धरा मले, पडून राहिली मी!" ती ओरडली. तिच्या डोळ्यात मी प्रथमच भीती पाहिली.

डॉक्टर पट्टा तपासू लागले. पट्टा जिथल्या तिथे होता. कुठे सैल नाही, कुठे काचत नाही. "पायांत जोर आहे," ते म्हणाले. "मग झुकते का?"

मिस्त्री खाली बसले. सगळ्यांना वाटलं, हरले. मलासुद्धा वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा आनंद झाला नाही.

मग मिस्त्रींनी आपल्याच थोबाडीत मारली. "मी गधा आहो! निजलेल्या बाईचं माप घेतलं. ही बाई डोक्यावर काही नसताना कवा उभी होती? सांग ना बुधराम, कवा होती?"

बुधराम विचार करू लागला. "लहानपनापासून तं... काही ना काही असतेच डोक्यावर. पानं, लाकडं, पानी."

"तिच्या कन्याले रिकामं डोकं माहीतच नाही!" मिस्त्री उठले. "टोपली आना. चुंबळ आना."

"डोक्यावर वजन?" डॉक्टर ओरडले. "शुद्धीवर आहात का? आतली तार तुटेल!"

"वजन नाही साहेब. रिकामी टोपली. तिच्या अंगाले फक्त आठवन द्याची हाय."

डॉक्टरांनी पट्ट्याचे बंद पुन्हा एकदा तपासले आणि होकाराची मान हलवली. नर्सने पट्टीच्या कापडाची चुंबळ वळली. फळांच्या दुकानातून बांबूची एक छोटी टोपली आली. मिस्त्रींनी सुकवारोच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर टोपली, आणि नर्सना म्हणाले, "सोडा."

सुकवारोची मान वर आली. मग खांदे मागे गेले. मग कंबर आपल्या जागी बसली, जशी काट्याची सुई हलत हलत मध्यावर येऊन थांबते. ती उभी होती. एका हाताने तिने टोपली सारखी केली, सवयीने, आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. खाटांवरच्या रोग्यांनी वाट्या वाजवल्या. एका आजोबांनी पितळी लोटा इतका आपटला की त्याला पोचा पडला. डॉक्टर स्वतःच्या पुस्तकाकडे बघत नव्हते. बुधराम रडत होता, आणि मीही ओरडत होतो, कुणावर ते मला आठवत नाही.

"शेठ!" सुकवारो म्हणाली. "पुढच्या साली पानाचा भाव वाढवजो! मह्या पाठीत तार लागली आता. वाकनार नाही मी!"

डॉक्टरांनी त्या दिवसापासून मिस्त्रींना 'मिस्त्रीसाहेब' म्हणायला सुरुवात केली. नागपूरच्या आणखी दोन रोग्यांची मापं कणीत उतरली. कणी मीच पुरवली. माझ्या आडतीत 'पाठीची कणी' नावाचं एक वेगळं पोतं आजही असतं, आणि ते कुणी तांदूळ म्हणून विकत मागितलं की मी हातात येईल ते फेकून मारतो.

पौषात डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला. हाड जुळलं होतं. पट्टा काढला तरी चालेल, म्हणाले. सुकवारो म्हणाली, दवाखान्यात नाही, घरी काढीन. म्हणून मी आणि मिस्त्री तिला घेऊन चिचगडला गेलो. शेवटचा एक कोस उरला तेव्हा ती गाडीतून उतरली, माझ्या गाडीतली धानाची छोटी पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. गावाच्या शिवेवर ढोल वाजत होते. चाळीस बाया दोन रांगांत उभ्या होत्या. ती त्यांच्या मधून चालत गेली तेव्हा एकेक बाई रांग मोडून तिच्या मागे लागली. घरापर्यंत पोचली तेव्हा चाळीसच्या चाळीस तिच्या मागे होत्या.

अंगणात मिस्त्रींनी स्वतः बंद सोडले. पट्टा हातात आला. सुकवारो एकदा वाकली, जमिनीवरची माती चिमटीत घेतली, कपाळाला लावली आणि ताठ उभी राहिली. मग तिने मला बसवून पुढच्या हंगामाचा भाव ठरवला. तिनेच ठरवला. मी ओरडलो, ती थांबली, आणि मी तिच्या भावावर आलो. मेजवानी झाली. जेवताना कुणी मिस्त्री म्हटलं की सुकवारो दटावायची, "मिस्त्री नको म्हनू. दादा हाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली. धानाचे दिवस, गोंदियात आडत माझ्याविना उभी. मिस्त्रींनी पिशवी गाडीत ठेवली, एक पाय चाकावर ठेवला आणि तसेच थांबले.

"चढा ना," मी म्हणालो.

"शेठ, सुकवारो थांब म्हनून राहिली."

"कशाला? पट्टा निघाला. काम संपलं तुमचं."

"हो ना. काम संपलं, तरी थांब म्हन्ते." ते पिशवीच्या बंदाला गाठ मारू लागले, मारलेली सोडू लागले. "बरा झालेला मानूस मह्या घरी येत नाही शेठ. येऊ बी नाही. मी तं देवाले तेच मागतो, की बाबा, याचं तोंड मले पुन्हा नको दाखवू."

"मग?"

"मंग काही नाही." त्यांनी चाकावरचा पाय खाली घेतला. मग म्हणाले, "घरी जाऊन मी कोनाले सांगू शेठ, की ते उभी राहिली म्हनून?"

मला त्यांची स्टेशनामागची खोली माहीत होती. एक ऐरण, एक शिवणाची आरी, एक ताटली.

आतून सुकवारोचा आवाज आला, "दादा, हात धुवून घे, भात निवून राहिला!"

मी खाली उतरलो. शिव्या तोंडात आलेल्याच होत्या. त्या बैलांना दिल्या, आणि जू सोडलं.